जोनाथन एडवर्ड्स

जोनाथन एडवर्ड्स (५ ऑक्टोबर, इ.स. १७०३ – २२ मार्च, इ.स. १७५८) हे ब्रिटिश अमेरिकेतील ख्रिस्ती पाळक, धर्मशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ होते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील नॉर्थॅम्प्टन येथील मंडळीचे पाळकपद त्यांनी तेवीस वर्षे सांभाळले. प्रार्थना, वाचन, लेखन व प्रवचन यांभोवती त्यांनी आपला दिवस काटेकोरपणे आखून घेतला होता. या दिनक्रमातून त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ निर्माण झाले. परंतु त्यामुळेच ते आपल्या मंडळीपासून काहीसे दूर राहिले. इ.स. १७५० मध्ये मंडळीने त्यांना पदावरून दूर केले.

जन्म व शिक्षण

एडवर्ड्स यांचा जन्म कनेक्टिकट वसाहतीतील ईस्ट विंडसर येथे झाला. वडील टिमोथी एडवर्ड्स हे त्या गावचे पाळक होते. आई एस्थर या नॉर्थॅम्प्टनचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांच्या कन्या होत्या. अकरा भावंडांत जोनाथन हे एकुलते एक पुत्र होते. लॅटिनचे प्रारंभीचे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. इ.स. १७१६ मध्ये, वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुढे येल या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला व इ.स. १७२० मध्ये पदवी मिळवली. इ.स. १७२२-२३ मध्ये काही महिने ते न्यू यॉर्कमधील एका लहान मंडळीचे उपदेशक होते. याच सुमारास त्यांनी स्वतःच्या आचरणासाठी सत्तर निश्चय लिहून काढले. वेळ वाया न घालवणे आणि स्वतःच्या वागण्याची नियमित तपासणी करणे हे त्यांचे मुख्य सूत्र होते. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी येल येथे अध्यापन केले.

नॉर्थॅम्प्टनमधील दिनक्रम

फेब्रुवारी १७२७ मध्ये आजोबांचे सहायक म्हणून एडवर्ड्स यांची नॉर्थॅम्प्टन येथे दीक्षा झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह सारा पिअरपाँट यांच्याशी झाला. या दांपत्याला अकरा अपत्ये झाली. इ.स. १७२९ मध्ये स्टॉडर्ड यांचे निधन झाल्यावर मंडळीची पूर्ण जबाबदारी एडवर्ड्स यांच्यावर आली.

त्यांच्या घरी राहिलेले शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. त्यातून त्यांच्या दिनक्रमाची माहिती मिळते. ते पहाटे चार-पाचच्या सुमारास उठत आणि दिवसाचे सुमारे तेरा तास अभ्यासिकेत घालवीत. एकांतातील प्रार्थनेखेरीज रोज कुटुंबासह प्रार्थना होत असे. दुपारी ते घोड्यावरून दोन-तीन मैल दूर रानात जात व तेथे चालत चिंतन करीत. हिवाळ्यात व्यायामासाठी ते लाकडे फोडीत. रपेटीत सुचलेला विचार विसरू नये म्हणून ते कागदाचा तुकडा अंगरख्याला टाचणीने लावत आणि घरी परतल्यावर तो विचार लिहून काढत.

घराचा व्यवहार सारा पाहत असत. त्या काळच्या अनेक सुस्थित पाळकांप्रमाणे एडवर्ड्स यांच्या घरी गुलामही होते, इ.स. १७३१ मध्ये त्यांनी न्यूपोर्ट येथे व्हीनस नावाची एक मुलगी विकत घेतली होती. त्यांच्या अभ्यासाला मिळालेल्या निवांतपणात या इतरांच्या श्रमांचा मोठा वाटा होता.

वाचन व टिपणे

एडवर्ड्स हातात लेखणी घेऊनच वाचन करीत. लॉक व न्यूटन यांच्या विचारांचा त्यांनी तरुणपणीच परिचय करून घेतला होता. धर्मशास्त्रीय विषयांवरील त्यांच्या संकीर्ण टिपणांची संख्या सुमारे चौदाशे आहे. प्रत्येक छापील पानासमोर मोठे कोरे पान शिवलेले एक बायबल त्यांना मेहुण्याकडून इ.स. १७३० मध्ये मिळाले होते. त्यात त्यांनी पाच हजारांहून अधिक नोंदी केल्या. कागद महाग असल्याने जुनी पत्रे, बिले, तसेच घरातील स्त्रिया पंखे तयार करीत त्यातून उरलेल्या कागदाच्या कातरणांवरही ते लिहीत. प्रवचनासाठी ते तळहाताएवढ्या लहान वह्या हाताने शिवून घेत. आरंभी ते संपूर्ण प्रवचन लिहून काढत, इ.स. १७४० नंतर मात्र केवळ मुद्दे लिहू लागले. त्यांच्या सुमारे बाराशे प्रवचनांची हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत.

धर्मजागृती

इ.स. १७३४-३५ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे धर्मजागृतीची लाट उसळली. सुमारे सहा महिन्यांत तीनशेहून अधिक लोकांचे मनःपरिवर्तन झाल्याचा एडवर्ड्स यांचा अंदाज होता. मात्र जून १७३५ मध्ये त्यांचे मावसे जोसेफ हॉली यांनी आत्म्याच्या नाशाच्या भीतीने आत्महत्या केली व ही लाट ओसरली. या घटनांचा त्यांनी लिहिलेला वृत्तांत इ.स. १७३७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव इंग्लंडभर पोहोचले. जुलै १७४१ मध्ये एनफील्ड येथे दिलेले, देवाच्या क्रोधाविषयीचे त्यांचे प्रवचन विशेष गाजले. ते आवाज न चढवता, फारसे हातवारे न करता बोलत. तरीही त्या दिवशी श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला की प्रवचन पूर्ण होऊ शकले नाही. धार्मिक भावनांपैकी खऱ्या कोणत्या व क्षणिक कोणत्या, याचा विचार त्यांनी इ.स. १७४६ च्या ग्रंथात केला.

मंडळीशी मतभेद व पदच्युती

एडवर्ड्स बोलावणे आल्याशिवाय सहसा घरोघरी भेटीस जात नसत. गप्पांत आपल्याला गती नाही, त्यापेक्षा लोकांनी अभ्यासिकेत येऊन आत्मिक प्रश्न मांडावेत, अशी त्यांची धारणा होती. इ.स. १७४४ मध्ये काही तरुण सुईणींसाठीचे पुस्तक वाचून मुलींची टिंगल करीत असल्याची तक्रार आली. चौकशीसाठी बोलावलेल्यांची नावे एडवर्ड्स यांनी प्रार्थनामंदिरात वाचून दाखवली, पण त्यात आरोपी कोण व साक्षीदार कोण हे सांगितले नाही. यामुळे अनेक कुटुंबे दुखावली. वेतनावरूनही वाद होत राहिले.

निर्णायक वाद प्रभुभोजनाचा ठरला. सदाचरणी व्यक्तीला प्रभुभोजनात सहभागी होऊ देण्याची स्टॉडर्ड यांची प्रथा होती. एडवर्ड्स यांनी अंतःकरणपूर्वक विश्वासाची कबुली आवश्यक मानली. ही भूमिका त्यांनी पुस्तकरूपाने मांडली, परंतु बहुतेकांनी ते वाचले नाही. विरोधकांच्या नेत्यांमध्ये हॉली यांचा मुलगाही होता. मतदानात २३० पैकी सुमारे २३ पुरुष सभासदच त्यांच्या बाजूने उभे राहिले. २२ जून, इ.स. १७५० रोजी ते पदमुक्त झाले. दुसरा पाळक मिळेपर्यंत त्याच मंडळीने त्यांना काही महिने प्रवचनासाठी बोलावले व त्यांनीही ते काम केले.

स्टॉकब्रिज व निधन

इ.स. १७५१ मध्ये ते सरहद्दीवरील स्टॉकब्रिज या गावी गेले. तेथे ते मोहिकन व मोहॉक लोकांना दुभाष्यामार्फत साध्या, दृष्टान्तयुक्त भाषेत उपदेश करीत. मूलनिवासींच्या शाळेसाठी आलेल्या पैशाच्या गैरवापराविरुद्ध त्यांनी दीर्घ लढा दिला. मानवी इच्छास्वातंत्र्यावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ (१७५४) याच काळातला आहे.

जावई एरन बर यांच्या निधनानंतर न्यू जर्सी महाविद्यालयाचे (आजचे प्रिन्स्टन विद्यापीठ) अध्यक्षपद त्यांना देऊ करण्यात आले. लेखनात खंड पडेल म्हणून ते आरंभी नाखूश होते. इ.स. १७५८ च्या आरंभी ते प्रिन्स्टनला गेले. फेब्रुवारीत त्यांनी देवी टोचून घेतल्या व त्यातून उद्भवलेल्या आजाराने २२ मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी कन्या एस्थर व पत्नी सारा यांचेही निधन झाले. तारणाच्या कार्याचा इतिहास सांगणारा नियोजित बृहद्ग्रंथ अपूर्णच राहिला.

प्रभाव

मूलनिवासींमध्ये काम करणारे तरुण मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड यांचा इ.स. १७४७ मध्ये एडवर्ड्स यांच्या घरी क्षयाने मृत्यू झाला. त्यांच्या रोजनिशीवरून एडवर्ड्स यांनी तयार केलेले चरित्र (१७४९) मिशनऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले. बंगालमधील सेरामपूर येथे कार्य करणारे विल्यम कॅरी त्यांपैकी एक होत. मराठी भाषेचे व्याकरण (१८०५) व मराठी-इंग्रजी कोश (१८१०) हे त्यांचेच. येल विद्यापीठाने इ.स. १९५७ ते २००८ या काळात एडवर्ड्स यांचे लेखन सव्वीस खंडांत प्रकाशित केले.