रविवारची सुट्टी मिळवून देणारे कन्हेरसरचे लोखंडे

कर्वेनगर (पुणे) : रविवारची सुट्टी आज पोराटोरांनाही माहीत आहे. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर, जन्म १८४८ साली ठाण्यात.

रेल्वे, पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या गिरणीत लागले. तिथं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, सुट्टी नाही, पगाराला तारीख नाही. लोखंडे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक. कृष्णराव भालेकरांनी १८७७ ला पुण्यात काढलेलं 'दीनबंधु' पत्र अडचणीत आलं, तेव्हा १८८० पासून ते त्यांनी मुंबईत चालवलं. कामगारांचं गाऱ्हाणं छापून येऊ लागलं.

१८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार १५ तारखेच्या आत. सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

१८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करतानाच ते गेले. पुढं १९०५ ला कलकत्त्यात छापखाना कामगारांनीही युनियन बांधली.

शेतात राबणाऱ्या मजुराला मात्र पगारी रविवार अजून नाही. मंडळी, एवढं ध्यानात ठेवा.