नारायणराव पेशवे

नारायणराव बल्लाळ भट तथा नारायणराव पेशवे (जन्म : १० ऑगस्ट १७५५, मृत्यू : ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, पुणे) हे मराठा साम्राज्याचे भट घराण्यातील पाचवे पेशवे होते. त्यांची कारकीर्द जेमतेम साडेआठ महिन्यांची ठरली. राज्यकारभारापेक्षा त्यांच्या खुनामुळेच त्यांचे नाव इतिहासात अधिक घेतले जाते. मारेकरी कोण होते, हे त्याच दिवशी उघड झाले होते. हुकूम कोणाचा होता आणि तो पकडण्याचा होता की मारण्याचा, याविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही.

पूर्वायुष्य आणि पेशवेपद

नारायणराव हे बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे धाकटे पुत्र. थोरले बंधू विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मारले गेले. दुसरे बंधू माधवराव यांनी चुलते रघुनाथराव तथा राघोबादादा यांचा १७६८ मध्ये धोडप येथे पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी अखेरच्या दिवसांत चुलत्यांशी समेट केला आणि धाकट्या भावाला त्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले व १३ डिसेंबर रोजी नारायणरावांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्यांच्या पत्नीचे नाव गंगाबाई.

समेट फार दिवस टिकला नाही. ११ एप्रिल १७७३ रोजी नारायणरावांनी रघुनाथरावांना पुन्हा वाड्यातच कैदेत ठेवले. पुढे रघुनाथरावांनी निसटण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर पहारा अधिक कडक झाला. याच काळात नागपूरकर भोसल्यांच्या वारसाहक्काच्या भांडणात पेशव्यांनी मुधोजींऐवजी साबाजींची बाजू घेतली, तर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या धार्मिक अधिकारांच्या वादात घेतलेल्या कठोर भूमिकेमुळे तो वर्गही दुखावला गेला. बखरी व नंतरचे इतिहासग्रंथ नारायणरावांना उतावळे आणि तापट ठरवतात. हे वर्णन बहुतांशी खुनानंतर लिहिले गेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हत्या

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३ हा भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा दिवस होता. वाड्यात गणेशोत्सव चालू होता. गारद्यांमध्ये, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरील पगारी कवायती शिपायांमध्ये, काही गडबड असल्याची कुणकुण पेशव्यांना सकाळीच लागली होती. त्यांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त करण्यास सांगितले. हरिपंत भोजनास गेले आणि बंदोबस्त राहून गेला.

दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद इसफ यांच्या नेतृत्वाखाली शेकडो गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत वाड्यात घुसले. आडवे आलेले कारकून आणि नोकर कापले गेले. एक गायही मारली गेली. नारायणराव धावत रघुनाथरावांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून जिवाची याचना करू लागले. रघुनाथरावांचा खिजमतगार तुळाजी पवार याने त्यांना ओढून बाजूला केले, आणि सुमेरसिंगाने वार केले. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकर हाही तेथेच मारला गेला. नारायणरावांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन अवघे वीस दिवस झाले होते. शहरात रघुनाथरावांच्या नावाने द्वाही फिरवण्यात आली.

चौकशी

रघुनाथराव पेशवे झाले, तरी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी हाती घेतली. तिच्यातून सुमारे पन्नास जणांचा संबंध पुढे आला. त्यांत गारद्यांखेरीज ब्राह्मण, प्रभू आणि मराठेही होते. रामशास्त्र्यांनी प्रत्यक्ष पेशव्यांना दोषी धरले आणि या अपराधास देहांताखेरीज प्रायश्चित्त नाही असा निर्णय देऊन पुणे सोडले. सत्तेवरील व्यक्तीविरुद्ध दिलेला हा निर्णय अमलात येणे शक्य नव्हते. रामशास्त्री पदावर परतले ते बारभाईंचे कारस्थान यशस्वी झाल्यावर.

‘ध’ चा ‘मा’

प्रचलित कथेनुसार रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या लेखी आज्ञेत नारायणरावांना ‘धरावे’ असा शब्द होता. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी तो ‘मारावे’ असा केला. ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही कथा आली. पुढे नाटके, कथा-कादंबऱ्या आणि चित्रपटांनी ती घरोघरी पोहोचवली. मराठीत ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला.

या कथेचा पाया कच्चा आहे. खाडाखोड केलेला मूळ कागद प्रकाशित साधनांत आढळत नाही. मोडीत लिहिलेल्या शब्दाचे एक अक्षर बदलून काना वाढवणे अशक्य नाही, पण ते कोणाच्या हातचे हे सिद्ध करणारा पुरावा पुढे आलेला नाही. शिवाय कट काही दिवस शिजत होता. तुळाजी पवारासारखा विश्वासू माणूस निरोप्या म्हणून मध्ये असताना गारद्यांनी एका शब्दावरच सगळे अवलंबून ठेवले असेल, हे पटण्यासारखे नाही. ही कथा रघुनाथरावांना मात्र सोयीची ठरते, कारण तिच्यामुळे खुनाचा मुख्य दोष त्यांच्यावरून उतरून पत्नीच्या माथी जातो.

रघुनाथरावांचा हेतू केवळ कैद करण्याचा होता, असे मानणारे त्या दुपारच्या एका हकीकतीकडे बोट दाखवतात. तिच्यानुसार त्यांनी पुतण्याला सोडण्यास सांगितले, पण सुमेरसिंगाने त्यांनाही ठार करण्याची धमकी दिली. पुतण्या जिवंत राहिला तर आपली मान जाईल, ही गारद्यांची भीती खरी असू शकते. परंतु रघुनाथरावांनी नंतर खुन्यांना शिक्षा दिली नाही, उलट ते त्यांच्याच आश्रयाला राहिले. त्यांच्या बाजूच्या युक्तिवादात हीच सर्वांत दुबळी जागा आहे.

इतर संशय

ज्येष्ठ कारभारी सखारामबापू बोकील यांना कटाची आगाऊ माहिती होती, असा संशय त्या काळापासून घेतला जातो. घटनेच्या वेळी वाड्याबाहेर कोतवालीत कारभारी जमले होते, तरी वाड्यावर चालून जाण्याचे धाडस कोणी केले नाही. बापू पुढे बारभाईंत सामील झाले. रघुनाथरावांशी पुन्हा संधान बांधल्याच्या आरोपावरून १७७९ मध्ये ते कैदेत पडले आणि १७८१ मध्ये रायगडावर मरण पावले. यामुळे संशय बळावला, पण १७७३ मधील सहभाग त्यातून सिद्ध होत नाही. मुधोजी भोसल्यांचे पुण्यातील हस्तक लक्ष्मण काशी व व्यंकटराव काशी यांची नावे कटवाल्यांत येतात. खुद्द मुधोजींना किती ठाऊक होते, हा वेगळा प्रश्न आहे. हरिपंतांची दिरंगाई हलगर्जी मानली जाते. त्यांनी पुढे रघुनाथरावांचा केलेला अथक पाठलाग पाहता त्यांच्यावर कटाचा आळ घेणे कठीण आहे.

परिणाम

खुनाच्या वेळी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत आदी बारभाईंनी त्यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला व चाळीस दिवसांच्या बालकाला पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. रघुनाथराव ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे वारले. त्यांना न्यायासनासमोर कधीच उभे राहावे लागले नाही. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. हैदरअलीच्या आश्रयास गेलेले खरगसिंग व तुळाजी पवार पुढे पुण्याच्या स्वाधीन झाले आणि त्यांना देहदंड मिळाला.

शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला आज नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावांचा देह दहनासाठी त्याच वाटेने बाहेर नेला, असे सांगितले जाते.