पाऱ्याच्या थेंबापासून डीएनएपर्यंत
यारोस्लाव हेयरोव्हस्की यांचा जन्म २० डिसेंबर १८९० रोजी प्राग येथे झाला. लंडनमधील त्यांचे शिक्षण पहिल्या महायुद्धामुळे अर्धवट राहिले. युद्धानंतर ते पाऱ्याचे थेंब पाडून त्यांची वजने करत बसले. काम कमालीचे कंटाळवाणे! अखेर १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी वजनाऐवजी थेंबातून जाणारा विद्युतप्रवाहच मोजला. दाब हळूहळू वाढवला की ठरावीक टप्प्यावर प्रवाह उसळी घेतो. कोणत्या दाबाला, यावरून द्रावणातला पदार्थ ओळखता येतो आणि उसळीच्या उंचीवरून त्याचे प्रमाण कळते. शिवाय प्रत्येक नवा थेंब म्हणजे कोरा, स्वच्छ पृष्ठभाग. या पद्धतीला पोलरोग्राफी म्हणतात. तिच्यासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच सुमारास ब्र्नो येथे एमिल पालेचेक यांनी याच तंत्राने डीएनए तपासला. डीएनएही विद्युत संकेत देतो आणि त्याचे दोन धागे सुटे झाले की संकेत बदलतो, असे त्यांना आढळले. डीएनएचा ठरावीक क्रम हुडकणारे संवेदक मात्र हेयरोव्हस्की यांच्या हयातीत आले नाहीत. २७ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. आज पाऱ्याच्या जागी बहुधा सोन्याचा इलेक्ट्रोड असतो. त्यावर डीएनएचा एकेरी धागा बसवतात. नमुन्यातला पूरक धागा त्याला येऊन जुळला, की प्रवाह बदलतो.