बी. रघुनाथ : कचेरी सांभाळून मराठवाड्याच्या कथा लिहिणारा लेखक

पावसाळा सरत आलेला असतो आणि दिवाळी अंकांना अजून अवकाश असतो. जुना, आवडता कथासंग्रह पुन्हा उघडावा असे हे दिवस. मराठवाड्यात या दिवसांत एक नाव हमखास निघतं, ते म्हणजे बी. रघुनाथ. ७ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

त्यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, सातोना गावातला. तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होतं. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, परतूर तालुका त्यात आला आणि त्यासोबत सातोनाही. म्हणजे नवीन जालन्यातल्या वाचकासाठी हा आपल्याच जिल्ह्यातला लेखक.

तो काळ निजामाच्या राजवटीचा. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी प्रकाशनाची मोठी केंद्रं पुण्या-मुंबईत, म्हणजे संस्थानाबाहेर. भगवान शाळेसाठी हैदराबादला गेले, १९३२ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे शिकण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनी धरली आणि ती सांभाळूनच कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या.

‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘छागल’ हे त्यांचे कथासंग्रह. ही मराठी उर्दूच्या शेजारात वाढली आहे, हे नावांवरूनच कळतं. लहान गावांतली, हातातोंडाची गाठ घालणारी माणसं त्यांनी कथेत आणली. तोवर मराठी कथेत या भागाला फारशी जागा नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. बी. रघुनाथांना मात्र हा मोकळा काळ पुरती पाच वर्षंही लाभला नाही. चाळिसावा वाढदिवस होऊन महिनाही झाला नव्हता, तोच ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीत त्यांचं निधन झालं. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी, ‘आकाश’ आणि ‘काळी राधा’ हे कथासंग्रह त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. त्यांना ती पुस्तकं हातात घेता आली नाहीत.

आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, स्मरणाचे कार्यक्रमही होतात. पण लेखक खरा टिकतो तो पुन्हा वाचला गेल्याने. परभणी, सेलू, सातोना, परतूर, जालना ही रेल्वेची स्टेशनं ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांना या कथांतली माणसं परकी वाटत नाहीत. दुसऱ्यांदा वाचताना तर ती घरचीच होतात.