आपले डेव्हिड चेऊलकर

सिनेमातल्या डेव्हिडला ओळखत नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणे कठीण. ठेंगणा बांधा, गुळगुळीत टक्कल, डोळ्यांत मिस्कील हसू, आणि कुणाचे काही बिघडू नये म्हणून चाललेली धडपड. परंतु नावावरून हे गृहस्थ ख्रिस्ती असावेत, असे मुंबईत अनेकांना वाटे. आमच्या वर्गातील मुलेही तसेच समजत. ते बेने इस्रायल आहेत आणि त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर आहे, असे आम्ही सांगितले म्हणजे ती थाप वाटे! आज इथे जन्मलेल्या नातवंडांना तर चेऊलकर हे आडनावही नवे. अलिबागजवळचे चौल, म्हणजेच जुने चेऊल, त्यावरून हे आडनाव. पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, तसेच हे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला त्यांचा जन्म. शिक्षण मुंबईत झाले. ते बी. ए. होते आणि कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली होती. त्या काळी शिकलेल्या मुलाने रेल्वेत, पोस्टात किंवा सरकारी कचेरीत चिकटावे, पेन्शन घ्यावे, अशी आपल्या घराघरांतील रीत. सिनेमा म्हणजे वाया गेलेल्यांचे काम! तरीही हा पदवीधर नोकरी मिळेना म्हणून तिकडे वळला, आणि १९३७ साली मोहन भवनानी यांच्या ‘झांबो’ या जंगलपटात प्रथम पडद्यावर आला. आपला माणूस या धंद्यात जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून निघाला होता. पण लेखक पडद्यामागे राहतो, लोकांना तोंड दिसते ते नटाचे.

नायकाचे रूप डेव्हिड यांच्याजवळ नव्हते. चाळीस वर्षांहून अधिक काळ आणि शंभराहून अधिक चित्रपट त्यांनी बहुतेक दुय्यम भूमिकांतच काढले. त्यांतला मुकुटमणी आमच्या मते एकच, ‘बूट पॉलिश’ (१९५४). राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सचा हा चित्रपट, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडे. चुलती त्यांना भीक मागायला पाठवते आणि मिळालेले पैसे काढून घेते. झोपडपट्टीतला जॉन चाचा त्यांना सांगतो, भीक मागू नका, हाताने काम करा. मुले चोरून पैसे साठवतात, पॉलिशची डबी आणि ब्रश घेतात. पण पावसाळा येतो आणि बुटांना पॉलिश कोण करून घेणार? पुढे दोघांची ताटातूट होते, बेलू श्रीमंताघरी जाते, भोला उपाशी भटकतो. शेवट अर्थात गोड आहे, जरा जास्तच गोड आहे असे आम्हांस वाटते.

मौज अशी की हा उपदेश करणारा जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकतो, आणि त्यापायी तुरुंगात जातो. डेव्हिड यांनी त्याला साधुपुरुष केला नाही. आपण बिघडलो, निदान या पोरांनी तरी बिघडू नये, ही त्याची तळमळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसते, म्हणून तो उपदेश खोटा वाटत नाही. शिक्षकाच्या पेशात आम्हीही पुष्कळ उपदेश केला, त्यामुळे हे किती अवघड आहे ते ठाऊक आहे. तुरुंगात टकल्या कैद्यांसह ते ढगाला आळवतात, तेही शास्त्रीय थाटात. मन्ना डे यांचा आवाज, आणि पाऊस हवा आहे तो डोक्यावरच्या वाळलेल्या शेतीसाठी! हसून पुरेवाट होते. या भूमिकेबद्दल त्यांना सहायक नटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. बेलू झालेल्या बेबी नाझचे १९५५ साली कान महोत्सवात खास कौतुक झाले.

समारंभांत सूत्रसंचालक म्हणूनही त्यांना मोठी मागणी असे, फिल्मफेअरचा सोहळासुद्धा त्यांनी चालवला. १९६९ साली भारत सरकारने पद्मश्री दिली.

उतारवयात हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी यांनी त्यांना घरोघरचा काका करून टाकले. हे चित्रपट पुन्हा पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. यांचे काम पाच-दहा मिनिटांचे, पण ते काढून टाकले तर गोष्ट जागची हलत नाही. ‘गोलमाल’ (१९७९) घ्या. भवानीशंकरला मिशा नसलेला आणि खेळाचा नाद असलेला तरुण खपत नाही, हे रामप्रसादला सांगून नोकरीची वाट दाखवणारे डॉक्टर केदार हेच. तो सल्ला नसता तर अमोल पालेकरांना खोटा जुळा भाऊ उभा करण्याची पाळीच आली नसती. त्याच वर्षीच्या ‘बातों बातों में’मध्ये वांद्र्याहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये नॅन्सी आणि टोनीची गाठ घालून देतात ते टॉम अंकल हेच. ‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये बहिणीच्या नवऱ्याला शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर पाठवणारे हरिपदभैया हेच, आणि तो ड्रायव्हर म्हणजे वेष पालटलेला प्रोफेसर! ‘अभिमान’ (१९७३) मध्ये मात्र ते हसवत नाहीत. नवपरिणित जोडप्याचे गाणे ऐकून, बायको नवऱ्याहून सरस आहे आणि हे पुढे जड जाणार, हे सर्वांआधी त्यांनाच कळते. भरल्या मेजवानीत तेवढा एकच चेहरा चिंतेचा.

पडद्यावर इतक्यांचे काका आणि मामा झालेले डेव्हिड स्वतः अविवाहित राहिले. आणखी एक खंत आम्हांस आहे. त्यांनी ख्रिस्ती केले, हिंदू केले, पण आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटात ते बेने इस्रायल म्हणून उभे राहिले नाहीत. दोष त्यांचा नव्हे, तशी भूमिका कुणी लिहिलीच नव्हती. अस्सल कोकणी आडनाव पोस्टरवरून गेले आणि उरले ते नुसते डेव्हिड.

शेवटी त्यांनीही मुंबई सोडली, आपल्यासारखीच. पण ते इकडे न येता कॅनडाला गेले, आणि १९८१ साल संपता संपता टोरांटो येथे वारले. तेव्हा ‘गोलमाल’ येऊन दोन-अडीच वर्षेच झाली होती.

आमच्या घरी शनिवारी रात्री नातवंडे जमली की हिब्रू अक्षरे वाचत हाच ‘गोलमाल’ पाहतात. केदार डॉक्टर आले की आम्ही चित्र थांबवतो आणि चौल कुठे आहे ते सांगतो. मुले कुरकुरतात, आजोबा, पुढे चालू द्या! ‘बूट पॉलिश’ त्यांनी अजून पाहिलेला नाही. तो पुढच्या शनिवारी.