साठ हजार झाडांची किंमत

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मालमत्ता कराच्या देयकात वृक्ष उपकर म्हणून एक लहानशी रक्कम असते. मोठ्या आकड्यांच्या गर्दीत तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रस्त्यावरील झाडाचा खर्च साऱ्या शहराने उचलावा की ज्याच्या दारात त्याची सावली पडते त्याने, हा प्रश्न मात्र दिसतो तितका क्षुल्लक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या राजधानीत ज्या प्रचंड नगरसुधारणेच्या ओघात तो उभा राहिला, तिच्यापायी ते शहर कर्जात बुडाले आणि तेथील नागरिक आपला मताधिकारही गमावून बसले. या सुधारणेचा कर्ताकरविता होता अलेक्झांडर शेफर्ड. तो ना स्थापत्यविशारद होता, ना कायदेपंडित. तो नळकाम करणारा कारागीर होता.

शेफर्डचा जन्म जानेवारी १८३५ मध्ये वॉशिंग्टनमध्येच झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने शाळा अर्धवट सोडावी लागली आणि हा मुलगा नळ व गॅसच्या जोडण्या करणाऱ्या एका पेढीत उमेदवारी करू लागला. अंगी हुशारी होती आणि धडाडी त्याहून अधिक. काही वर्षांतच तो पेढीचा भागीदार झाला व पुढे मालक. घरबांधणीच्या धंद्यातही त्याने पैसा मिळवला. यादवी युद्धाच्या काळात तो नगरसभेत निवडून आला, आणि जनरल ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या विश्वासातील मंडळींत त्याची गणना होऊ लागली.

त्या वेळचे वॉशिंग्टन आजच्या चित्रांतल्यासारखे नव्हते. लाँफाँ या फ्रेंच अभियंत्याने १७९१ मध्ये आखलेले रस्ते कागदावर राजेशाही होते. काहींची रुंदी तर १६० फुटांपर्यंत. पण एवढ्या रुंद रस्त्यांना फरसबंदी करण्याइतका पैसा कोणाकडे होता? पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात धुळीचे लोट आणि शहराच्या मध्यातून वाहणारा दुर्गंधीयुक्त कालवा, अशी एकंदर अवस्था होती. राजधानी पश्चिमेकडे सेंट लुई येथे हलवावी, अशी उघड मागणी होऊ लागली होती. तेव्हा १८७० मध्ये काँग्रेसने एक शहाणपणाचा कायदा केला. रस्त्याच्या रुंदीचा निम्म्यापर्यंतचा भाग बाजूला काढून त्यावर हिरवळ व सावलीची झाडे लावण्याची मुभा त्याने दिली. फरसबंदीचा खर्च वाचावा आणि शोभाही यावी, असा हा दुहेरी हेतू. या हिरव्या पट्ट्याला तेथे ‘पार्किंग’ म्हणत. आपल्या शहरांत आज याच शब्दासाठी झाडे तोडली जातात, हा भाषेचा एक विनोदच म्हणायचा.

१८७१ साली वॉशिंग्टनसाठी नवी शासनव्यवस्था आली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला गव्हर्नर, एक विधानसभा आणि पाच जणांचे सार्वजनिक बांधकाम मंडळ. शेफर्ड मंडळाचा उपाध्यक्ष होता. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे शेफर्डच. या व्यवस्थेच्या मूळ कायद्यातच एक कलम होते. ज्या सुधारणेमुळे लगतच्या मालमत्तेला खास लाभ होईल, तिच्या खर्चापैकी वाजवी हिस्सा, कमाल एक तृतीयांश, त्या मालमत्तेवर बसवावा. हीच ती विशेष आकारणी.

तत्त्व म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. घरासमोर पक्का रस्ता झाला, गटार बुजले, दाराशी झाड आले तर घराचे मोल वाढते. त्या वाढीतला थोडा भाग सार्वजनिक कामाला द्यावा यात अन्याय कसला? पण वाढलेले मोल घर विकल्यावर हाती येते, आकारणीचे देयक मात्र आजच येते. घरात राहणाऱ्याला त्या मोलाचा काय उपयोग? शिवाय घराची रस्त्यालगतची लांबी मोजून रक्कम ठरवण्याची पद्धत असली म्हणजे कोपऱ्यावरचे लहानसे घर दोन्हीकडून सापडते, आणि अरुंद दर्शनी भाग असलेला चार मजली वाडा सुटतो. तत्त्वाची परीक्षा होते ती अशा तपशिलांत.

शेफर्डला तपशिलांची पर्वा नव्हती. साठ लाख डॉलरांहून थोड्या अधिक खर्चाची योजना त्याने मांडली; चाळीस लाख कर्जातून आणि बाकीचे लगतच्या मालमत्तांकडून. मग एकाच वेळी सारे शहर खणून काढले. कालवा बुजवला, जुना बाजार रातोरात पाडला. त्या पाडकामात दोन जीव गेले. मनाई हुकूम देऊ शकणाऱ्या न्यायाधीशाला त्या संध्याकाळी त्याने शहराबाहेर आपल्या घरी मेजवानीला बोलावले होते, असे सांगतात. रस्त्यांची पातळी बदलल्याने कित्येक घरे उंच दरडीवर लोंबकळली, तर कित्येकांचे दरवाजे रस्त्याच्या खाली गेले. ही हानी सोसायची ती सोसायची, वर एक तृतीयांश खर्चाचे देयकही भरायचे. लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी तर थोड्याच वर्षांत कुजली; तिचे पैसे वसूल व्हायच्या आत ती उखडण्याची वेळ आली. सुधारणांचा पहिला लाभ वायव्य भागाला मिळाला, जेथे शेफर्डची व त्याच्या मित्रांची मालमत्ता होती. लहान घरमालकांना देयके झेपेनात. काहींना घरे गमवावी लागली.

झाडांचे काम मात्र त्याने योग्य हाती सोपवले. वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम स्मिथ, शेती खात्यातील विल्यम सॉन्डर्स आणि रोपवाटिकेचा व्यवसाय करणारा जॉन सॉल अशा तिघा जाणकारांची समिती नेमली गेली. मेपल, एल्म, लिंडन, सिकॅमोर अशी शहरी हवेत टिकणारी झाडे त्यांनी निवडली आणि घोड्यांपासून रक्षणासाठी प्रत्येक रोपाभोवती लाकडी पिंजरा उभारला. या मोहिमेत साठ हजार झाडे लागली, असे मानले जाते. झाड लावण्यापेक्षा ते जगवणे कठीण, हे या तिघांना ठाऊक होते. आणि शेफर्डचे मंडळ बुडाल्यावरही ही समिती काम करीत राहिली. वॉशिंग्टनला वृक्षांची नगरी हे नाव मिळाले त्याचे बरेचसे श्रेय या चिकाटीला आहे.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक यांची पेढी कोसळली आणि देशभर आर्थिक अरिष्ट आले. जे कुक यांचे बंधू वॉशिंग्टनचे गव्हर्नर होते. त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता आणि ग्रँट यांनी त्या जागी शेफर्डला बसवले होते. पण तिजोरीत खडखडाट होता, मजुरांचे पगार थकले होते. काँग्रेसने चौकशी केली. एक कोटी डॉलरांची कर्जमर्यादा असताना देणे त्याच्या जवळपास दुपटीवर गेलेले आढळले. शेफर्डने स्वतः पैसा खाल्ल्याचा पुरावा मात्र सापडला नाही. जून १८७४ मध्ये ती सारी शासनव्यवस्थाच रद्द झाली आणि तीन नियुक्त आयुक्त आले. ग्रँट यांनी त्यांतही शेफर्डचे नाव सुचवले. सिनेटने ते फेटाळले. विशेष आकारण्यांत इतके घोळ निघाले की त्यांच्या फेरतपासणीसाठी १८७८ मध्ये काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला.

येथे मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५ ते १८७१ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनीही शहराचे रूप पालटले, बाजार बांधला, आणि हात सैल सोडून खर्च केला. १८७१ मध्येच मुंबईचे करदाते खवळून उठले. फिरोजशहा मेहता यांनी त्या गदारोळात क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली, पण उपाय म्हणून करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत असा आग्रह धरला. १८७२ च्या कायद्याने म्युनिसिपालिटीतील निम्म्या जागा निवडणुकीने भरण्याचे ठरले. मताधिकार मूठभर करदात्यांपुरताच होता, हे खरे. तरी परकीय सत्तेखालच्या शहराला त्या उधळपट्टीतून मत मिळाले. प्रजासत्ताकाच्या राजधानीने मात्र तशाच उधळपट्टीतून असलेले मत घालवले. १८६७ साली नुकताच मताधिकार मिळालेल्या तेथील कृष्णवर्णीय पुरुषांवर हा आघात विशेष होता. ज्यांनी देयके भरली त्यांनाच पुढली शंभर वर्षे महापौर निवडता आला नाही. तो हक्क १९७३ च्या कायद्याने परत मिळाला.

शेफर्ड स्वतः १८७६ मध्ये दिवाळखोर झाला. १८८० मध्ये कुटुंबासह मेक्सिकोतील बातोपिलास येथे जाऊन त्याने चांदीच्या खाणी चालवल्या. १८८७ साली तो काही दिवस परतला तेव्हा त्याच वॉशिंग्टनने त्याची मिरवणूक काढली. एव्हाना झाडे मोठी झाली होती आणि देयकांचा राग निवला होता. निदान मिरवणुकीत आलेल्यांचा तरी. ज्यांची घरे गेली ते आता त्या रस्त्यांवर राहत नव्हते. १२ सप्टेंबर १९०२ रोजी बातोपिलास येथेच त्याचा अंत झाला. १९०९ मध्ये शहराने त्याचा पुतळा उभारला. १९७९ मध्ये रस्त्याच्या नूतनीकरणात तो हलवला गेला आणि २००५ मध्ये नगरशासनाच्या इमारतीसमोर परत आला. दरम्यान २००२ साली त्या शहराने झाडांसाठी नवा कायदा केला होता. त्यानुसार मोठे झाड तोडणाऱ्याकडून शुल्क घेऊन ते वृक्षनिधीत जमा होते.