संगीतसूर्य केशवराव भोसले



आपल्या शाळेत गोड गळ्याची मुले-मुली पुष्कळ आहेत. दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धा पाहून अनेक पालकांना आपले मूलही चमकावे असे वाटते. म्हणून या अंकात आम्ही एका बालगायकाची जीवनकथा देत आहोत.

केशवराव विठ्ठलराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घरात गरिबी आली. आज ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. तेव्हा असे काही नव्हते. आज ज्या वयात मुले बालवाडीत जातात, त्या वयात केशवराव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. आवड होतीच, पण पोटाचा प्रश्नही होता.

त्या काळी संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका मुले व पुरुषच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकात पैशाच्या लोभाने लहान मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरते. ती शारदा लहानग्या केशवरावांनी साकारली आणि त्यांचे नाव गावोगावी झाले.

मित्रहो, बालकलाकाराची खरी परीक्षा पुढे असते. आवाज फुटतो, कौतुक ओसरते आणि पुष्कळजण मागे पडतात. केशवराव मिळालेल्या टाळ्यांवर थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाकडून त्यांनी शास्त्रोक्त गाणे घेतले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली.

मालक झाल्यावर त्यांनी केवळ आपल्या गाण्याचा विचार केला नाही. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्याकडून त्यांनी नाटकासाठी देखणे पडदे रंगवून घेतले. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्याच्या प्रश्नावरील नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. मनोरंजनातून समाजाला विचार देता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

बालगंधर्व त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. दोघांच्या मंडळ्यांत मोठी चुरस होती. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी. देशकार्यापुढे स्पर्धा बाजूला ठेवण्याचा हा धडा आजही घेण्यासारखा आहे.

दुर्दैवाने तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय केवळ ३१ वर्षे! त्यांच्यामागे बापूराव पेंढारकर व नंतर भालचंद्र पेंढारकर यांनी 'ललितकलादर्श' चालविली. संस्था शंभरी ओलांडून गेली.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. केशवरावांना शाळा सोडून रंगमंचावर उभे राहावे लागले, कारण दुसरा मार्ग नव्हता. आपल्या मुलांपुढे तो आहे. त्यांना गाऊ द्या, नाटकात काम करू द्या, पण बक्षिसाची घाई करू नका. गुरू द्या, रियाजाला वेळ द्या आणि पुस्तक हातून सुटू देऊ नका.